अनिशच्या खुर्चीत दळव्यांचा मुलगा

विश्वंभर पालकरांना ऑफिसात कोणी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत एकसारख्या दुमडलेल्या, जेवणाचा डबा रोज त्याच कोपऱ्यात, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, हा माणूस मनात काही ठेवत नसेल. प्रत्यक्षात त्यांच्या मनात गेली पंचवीस वर्षं एक नाव ठाण मांडून बसलं होतं. धैर्यशील दळवी. हे नाव ते घराबाहेर कधी काढत नसत. घरात काढलं की शालिनीबाई म्हणायच्या, "झालं. आता जेवण अंगी लागायचं नाही."

विश्वंभर ज्या फर्ममध्ये होते ती बडोद्यात अलकापुरीत होती आणि लोकांचा पैसा शेअर बाजारात गुंतवून सांभाळायची. ग्राहक म्हणजे मकरपुऱ्याचे कारखानदार, डॉक्टर, मुलं परदेशी गेलेले आईबाप. कोणत्या कंपनीचे शेअर घ्यायचे नि कोणते विकायचे हे सांगायला चार-पाच विश्लेषक होते आणि विश्वंभर त्यांचे प्रमुख. त्या चौघा-पाचांत अनिश मेहता हा हुकमी एक्का. ग्राहक फोन करायचे ते बाजाराचं काय म्हणून नव्हे, तर "अनिशभाई शुं कहे छे?" अनिशभाई काय म्हणतात, एवढंच विचारायला. आणि हा अनिश गणपतीच्या सुमारास मुंबईच्या एका मोठ्या फंडात निघाला.

निघण्याआधी तो विश्वंभरांच्या टेबलाशी येऊन बसला.

"काका, एक सांगू? माझ्या जागी आकांक्षाला घ्या. बाहेरून कोणी आणू नका."

"का रे?"

"बाहेरचा माणूस कॉम्प्युटर बघून लिहिणार. तिला गेटवर उभं राहायची सवय आहे. मला तरी काय येत होतं? तुम्ही गेटवर उभं केलंत म्हणून मी अनिशभाई झालो."

ते खरं होतं. त्या फर्मचा एक रिवाज होता आणि तो विश्वंभरांनी पाडला होता. ज्या कंपनीवर लिहायचं तिच्या गेटवर शिफ्ट बदलताना जाऊन उभं राहायचं. किती बस भरून येतात, माणसं हसत बाहेर पडतात की मान खाली घालून, चहावाल्याचं दूध वाढलं की कमी झालं, हे बघायचं. मॅनेजर साहेबांचं गोड बोलणं नंतर. गेटवर गेल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. नवीन आलेल्यांना ते एकच वाक्य ऐकवायचे, "गेट खोटं बोलत नाही."

हा रिवाज कुठून आला, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

पंचवीस वर्षांपूर्वी धैर्यशील दळवी त्याच फर्ममध्ये विश्लेषकांचे प्रमुख होते. घराणं जुन्या संस्थानच्या फौजेतलं, चालण्यात रुबाब, मोठ्या शेठजींचा उजवा हात. विश्वंभर नुकतेच एम.कॉम. होऊन लागलेले. वाघोडियाच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीची पाहणी करायला दळव्यांनी त्यांना पाठवलं. विश्वंभर जाऊन आले आणि त्यांनी सांगितलं, "साहेब, गेटला कुलूप आहे. आत गुडघाभर गवत उगवलंय." दळव्यांनी ऐकून घेतलं, आणि शेअर घ्या म्हणून लिहिलं. कंपनीच्या मालकाला त्यांनी आधीच शब्द दिला होता. पुढे ती कंपनी बुडाली, ग्राहक अंगावर आले आणि शेठजींनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. तिथे दळवी शांतपणे म्हणाले, "पालकर गेलाच नव्हता. घरी बसला आणि जाऊन आलो म्हणाला. मी त्याच्यावर विसंबलो."

शेठजींनी विश्वंभरांना विचारलं, "गेट पर गया हता के नहीं?" ते म्हणाले, गेलो होतो. पण एका बाजूला दळव्यांचा शब्द, दुसऱ्या बाजूला कालच्या पोराचा. त्यांना मागच्या खोलीत टाकलं. तिथे शेअरची सर्टिफिकिटं लावायची आणि टपाल करायचं. त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षं त्या खोलीत गेली.

तेही त्यांनी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते वेगळंच. त्यांचे वडील प्रतापनगरच्या रेल्वे यार्डात होते. घरात त्यांना दादा म्हणत. न केलेल्या ड्युटीवर सही करणारा माणूस दादांच्या लेखी चोराहून वाईट. ही बातमी बडोद्याच्या वाडी भागातल्या मराठी घरांतून फिरत फिरत दादांच्या कानावर आली. त्यांनी मुलाला एकदाच विचारलं. मुलगा म्हणाला, मी गेलो होतो. दादांनी मान हलवली, पण त्यानंतर चारचौघांत मुलाच्या नोकरीचा विषय निघाला की ते उठून आत जाऊ लागले. दादा अंथरुणाला खिळले तेव्हा विश्वंभर मान खाली घालून दळव्यांकडे गेले. म्हणाले, "मला माझी जागा परत नको. शेठजींनाही काही सांगू नका. फक्त एकदा घरी येऊन दादांना सांगा की मी गेलो होतो."

दळवी मोटारीचं दार उघडत होते. म्हणाले, "बघतो."

ते आले नाहीत. दादा गेले. मग दळवी मुंबईला गेले, मोठे झाले. शेठजींच्या मागे त्यांचा मुलगा पीयूषभाई गादीवर आला, त्याने जुनी माणसं पारखली आणि विश्वंभरांना मागच्या खोलीतून बाहेर काढलं. पण दादांच्या फोटोला हार घालताना दरवर्षी विश्वंभरांच्या कानात तेच दोन पैशांचं "बघतो" वाजायचं.

आता अनिशच्या जागेसाठी अर्ज आले. पीयूषभाईंनी त्यातले तीन निवडून विश्वंभरांच्या पुढे ठेवले. एक घरचीच, आकांक्षा कदम. तिचे वडील मकरपुऱ्यात फिटर होते. दुसरी अहमदाबादची अवंती देसाई, मोठ्या कॉलेजातली. आणि तिसरं नाव वाचून विश्वंभरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. समरजित धैर्यशील दळवी.

घरी जाऊन त्यांनी शालिनीबाईंना सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या.

"मग? नाही म्हणून टाका. एका शब्दाचं तर काम."

"नाही म्हटलं तर दुसरीकडे लागेल. बापाला कळणारसुद्धा नाही. घेतलं तर माझ्यासमोर पडेल."

लाटणं थांबलं. "पडेल कशावरून?"

"अनिशच्या खुर्चीत पहिल्या वर्षी जो बसेल तो पडणारच. ग्राहक रोज तुलना करणार. सांभाळायला कोणी पाठीशी असेल तरच निभेल. पाठीशी मी आहे." ते जरा हसले. ते हसू शालिनीबाईंना आवडलं नाही.

"त्या पोराचा काय दोष हो?"

"दोष नाही. तो पत्ता आहे. त्याच्या बापापर्यंत पोचायचा."

"आणि ती कदमांची पोरगी? तिनं काय घोडं मारलंय तुमचं?"

गरम पोळी ताटातच गार झाली.

मुलाखतीला समरजित आला तो बापासारखाच उंच, पण खांदे जरा पुढे झुकलेले. आईची तब्येत बरी नसते म्हणून बडोद्याला परत यायचंय, म्हणाला. बाबाही निवृत्त होऊन वासणा रोडला राहायला आलेत. पीयूषभाई त्याच्या मुंबईच्या कंपनीच्या नावावरच खूश होते. विश्वंभरांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमचे वडील इथेच होते, माहीत असेल."

"हो सर. बाबा सांगतात इथलं कधी कधी." मग तो सरळपणे म्हणाला, "तुमचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी आलं नाही."

विश्वंभरांनी समोरच्या कागदावर एक रेघ मारली आणि पीयूषभाईंकडे वळून म्हणाले, "मला पसंत आहे."

आकांक्षाला त्यांनी स्वतः सांगितलं की यंदा नाही. तिने फक्त विचारलं, "काय कमी पडलं, सर?" ते म्हणाले, "अनुभव." तिने मान डोलावली, पण त्या शब्दावर तिचा विश्वास बसला नव्हता. त्यांचाही नव्हता.

दिवाळीनंतर लाभपाचमेला ऑफिस उघडलं, पूजा झाली आणि समरजित अनिशच्या खुर्चीत बसला. वाटलं होतं त्यापेक्षा तो कामाचा निघाला. पहाटे उठून गेटवर जायचा, चहा प्यायचा, माणसांशी बोलायचा. परत येऊन विश्वंभरांना सगळं सांगायचा आणि विचारायचा, "बरोबर बघितलं ना, काका?" ऑफिसात तो सर म्हणायचा, पण गेटवरून आला की विसरून काका व्हायचं. विश्वंभर प्रेमाने शिकवायचे. फक्त एका जागी येऊन ते थांबायचे. गेट खोटं बोलत नाही, हे त्यांनी त्याला पढवलं. गेट कधी कधी सणाला जातं, हे सांगायचं राखून ठेवलं.

बडोद्याजवळच्या सावली गावच्या कारखान्यांत निम्मी माणसं दाहोद, छोटा उदेपूरकडची आदिवासी. त्यांची दिवाळी म्हणजे होळी. बडोदा शहर एक दिवस रंग खेळून दुसऱ्या दिवशी कामाला लागतं. ती माणसं मात्र होळीला गावी जातात, मेळे करतात आणि मनात येईल तेव्हा परततात. तोवर कारखान्यांच्या बस रिकाम्या धावतात, गेटवर शुकशुकाट असतो. सावलीचा प्रत्येक सुपरवायझर हे जाणतो आणि त्या दिवसांची ऑर्डर आधीच काढून ठेवतो. शहरात वाढून मुंबईला गेलेल्या मुलाला हे कळायचं कारण नव्हतं.

होळी जवळ आली तसे विश्वंभरांनी दोन निर्णय घेतले. आकांक्षाला भरूचच्या केमिकल कंपन्या बघायला पाठवलं. आणि समरजितला म्हणाले, "ती सावलीची ट्रान्सफॉर्मरवाली कंपनी आपल्या ग्राहकांकडे बरीच आहे. धुळवड झाली की जाऊन या."

समरजित लागोपाठ तीन दिवस गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काका, तिथे काही उरलं नाही. चार बस यायच्या तिथे एक येते. तीही अर्धी. चहावाल्यानं टपरी उघडलीच नाही. एक शेड अंधारात आहे. मॅनेजर म्हणतो, सगळं उत्तम."

"मॅनेजर काय म्हणणार दुसरं?"

"मग विका म्हणून लिहू?"

विश्वंभरांनी त्याच्याकडे पाहिलं. पोरगं उन्हात रापलं होतं. बुटांवर सावलीची धूळ होती. आपण वाघोडियाहून आलो तेव्हा आपल्याही बुटांवर अशीच धूळ होती, असं त्यांना वाटून गेलं. आणि त्या वाटण्यानेच मन अधिक कठोर झालं.

"गेटनं सांगितलं ते लिहा," ते म्हणाले.

अहवाल आला. त्यावर प्रमुख म्हणून त्यांची सही लागायची. त्यांनी तो शांतपणे वाचला, एक चुकलेला आकडा दुरुस्त केला आणि सही केली. ग्राहकांनी शेअर विकले.

आकांक्षा भरूचहून परतली आणि अहवाल हातात घेऊनच त्यांच्या टेबलाशी आली.

"सर, हा होळीनंतरचा आठवडा होता."

"हो."

"माणसं मेळ्याला गेली असणार."

विश्वंभरांनी पेनाला टोपण लावलं.

"हे मला तुम्हीच शिकवलंत, सर. सावलीच्या त्याच गेटवर." तिने आवाज अगदी खाली आणला. "मी सांगू का समरजितला?"

"मी सांगतो. तुमचा भरूचचा अहवाल कुठवर आलाय?"

ती अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवून गेली. त्यांनी समरजितला सांगितलं नाही.

पण पोरगं स्वतःच परत सावलीला जाऊन आलं, कोणी न सांगता. हसत आलं, जरा घाबरलेलंही. "सर, बस भरून येतायत. चारही. माझं काहीतरी चुकलं. आपण दुरुस्ती पाठवू या?"

हा शेवटचा फाटा होता. इथून परत फिरता आलं असतं. विश्वंभरांनी चष्मा पुसला.

"आत्ताच मत फिरवलं तर लोक हसतील. अनिशनं असं कधी केलं नव्हतं. रिझल्ट येऊ द्या, मग बघू."

अनिशचं नाव घेतलं की समरजित गप्प बसायचा. हेही त्यांना ठाऊक होतं.

मे महिन्यात कंपनीचा रिझल्ट आला आणि त्याबरोबर एका मोठ्या सरकारी ऑर्डरची बातमी. शेअर उसळला. ज्यांनी विकला होता त्यांचे फोन सुरू झाले. एक डॉक्टर तर प्रत्यक्ष येऊन पीयूषभाईंना म्हणाले, "अनिशभाई गेले ते तुमचं नशीबही घेऊन गेले." पीयूषभाईंनी तिघांना खोलीत बोलावलं. विश्वंभर, समरजित, आकांक्षा. खोली तीच, शेठजींची. गादीच्या जागी आता टेबल होतं, पण भिंतीवर श्रीनाथजी तेच.

विश्वंभर भिंतीला लागून उभे राहिले. आतून ते उतावीळ झाले होते. दळव्यांचं रक्त आता बोलेल, बापासारखंच, असं त्यांना वाटत होतं. तो म्हणेल, सरांनी थांबवलं. म्हणेल, सही त्यांची आहे. किंवा आकांक्षाला पुढे करेल. एवढं एकदा त्याच्या तोंडून आलं की मग उघड्यावर, सगळ्यांसमोर, त्याला फाडता येईल. पंचवीस वर्षं घोटून ठेवलेली वाक्यं त्यांच्या जिभेवर तयार होती.

पीयूषभाईंनी विचारलं, "गेट पर गया हता के नहीं?"

तोच प्रश्न, त्याच शब्दांत. बहुधा शेठजींकडून आलेला.

"गेलो होतो," समरजित म्हणाला. "जे पाहिलं ते खरं होतं, त्याचा अर्थ मी चुकीचा लावला. माणसं होळीला गेली होती. मला ते माहीत नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नाही."

"नंतर तरी कळलं असेल."

"कळलं होतं. थांबायचं मीच ठरवलं."

आकांक्षाने झटकन विश्वंभरांकडे पाहिलं. समरजितने पाहिलं नाही.

"सही विश्वंभरभाईंची आहे," पीयूषभाई म्हणाले. त्यांच्या बोलण्यात पोरासाठी वाट करून दिल्यासारखं काहीतरी होतं.

"सरांनी माझ्यावर विश्वास टाकून केली."

पीयूषभाईंनी सगळ्यांना जायला सांगितलं आणि विश्वंभरांना थांबवून घेतलं. म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण ग्राहकांना काहीतरी दाखवावं लागेल. नवा माणूस बघा." म्हणजे पडायचा तो पडला होता. विश्वंभर टेबलाशी येऊन बसले. हवं ते मिळालं होतं आणि डबा कोपऱ्यात तसाच राहिला होता. तयार ठेवलेल्या वाक्यांचा तोंडात नुसता चोथा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमाटीबागेत फिरताना धैर्यशील दळवी समोरून आले. हातात काठी, पण रुबाब तोच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते स्वतःहून थांबले.

"विश्वंभर ना? ओळखलंस का?"

"ओळखलं, धैर्यशीलराव."

"समरचं ऐकलं असशीलच. म्हणजे तिथेच होतास म्हणा." ते बाकावर बसले. "आदल्या रात्री मी त्याला सगळं समजावलं होतं. म्हटलं, सही पालकरची आहे, थांबवलंही त्यानंच, सरळ त्याच्यावर ढकल आणि मोकळा हो. ऐकलं नाही. आईवर गेलाय, मऊ."

एखाद्याने पावसाचा अंदाज सांगावा तशा सुरात ते हे बोलत होते. जुनं ते विसरले नव्हते, आणि त्याची लाजही त्यांना वाटत नव्हती. तेव्हा चाललं ते आताही चालेल, एवढाच त्यांचा हिशेब.

"असो," दळवी म्हणाले. "मुंबईत माझे लोक आहेत. महिन्याभरात लावून देतो त्याला. पुन्हा माझ्या हाताखाली असल्यासारखा राहील. तेच बरं. वळण लागेल."

विश्वंभर तिथून चालू लागले. फाटकापर्यंत येईतो त्यांच्या लक्षात आलं की आपण किती मूर्खासारखा डाव मांडला होता. पडलेला मुलगा बापाकडे परत पाठवायचा, हा तो डाव. यात दळव्यांचं काय गेलं? उलट हातातून निसटलेला मुलगा त्यांना परत मिळतोय. महिन्याभरात ते त्याला ढकलायला शिकवतील, वर्षाभरात दुसरा दळवी तयार होईल. सूड घ्यायचा तर दळव्यांना जे हवंय तेच द्यायचं नाही. मुलगा द्यायचा नाही.

ते सरळ पीयूषभाईंकडे गेले.

"माणूस बघितला," म्हणाले. "अनिशच्या जागी आकांक्षा. ती पहिल्यापासून लायक होती. आणि समरजितला काढायचं नाही. तिच्या हाताखाली ठेवायचं."

"ग्राहकांना काय सांगू?"

"सांगा, चूक पालकरांची होती. थांबा म्हणून मी सांगितलं. होळीचंही मला माहीत होतं."

पीयूषभाईंनी समोरचा अहवाल मिटला. मग मान हलवून म्हणाले, "भूली गया हशो. वय झालं, विश्वंभरभाई." विसरला असाल, एवढंच त्यांनी धरलं. विश्वंभरांनी ते खोडलं नाही. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून ठेवायचं बोलणं झालं होतं, ते त्या दिवसापासून पुन्हा निघालं नाही. त्यांनीही काढलं नाही.

आकांक्षाने बढतीचं पत्र घेतलं आणि दारापर्यंत जाऊन परत आली. "एक सांगते, सर. यापुढे तुमची सही झाली असली तरी मी एकदा गेटवर जाऊन येईन."

"जा," ते म्हणाले.

समरजितला त्यांनी सावलीला नेलं. गेटसमोरच्या टपरीवर बसून त्यांनी त्याला सगळं सांगितलं. होळीचं, वाघोडियाचं, त्याच्या बापाचं आणि स्वतःचंही. पोराने ऐकताना चहाचा कप हातात तसाच धरला होता. शेवटी म्हणाला, "थांबा म्हणालात तेव्हाच मला शंका आली होती. का ते कळत नव्हतं." मग कप खाली ठेवून, "तुमच्यावर ढकललं असतं तर तुम्ही खूश झाला असतात ना, काका?"

"फार," विश्वंभर म्हणाले.

"मग बरं झालं नाही ढकललं." बस आली, तो उठून दाराशी उतरणाऱ्या माणसांशी बोलायला गेला. त्या वर्षभरात त्याला मुंबईहून दोनदा बोलावणं आलं. बापाने आणवलेलं. तो गेला नाही. आकांक्षाच्या हाताखाली काम करतो, घरी मात्र जेमतेम बोलतो, असं कानावर येत होतं.

पुढच्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी सकाळी वाडीतल्या विश्वंभरांच्या दोन खोल्यांच्या घरासमोर गाडी थांबली. शालिनीबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि आत येऊन म्हणाल्या, "उठा. तुमचं जेवण अंगी लागू न देणारे आलेत."

धैर्यशील दळवी दारातून वाकून आत आले. बसले ती खुर्ची दादांच्या फोटोखालची. शालिनीबाईंनी चहा ठेवला, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"विश्वंभर, पोराला सांग. तुझं ऐकतो तो. एका मुलीच्या हाताखाली, मी जिथे प्रमुख होतो तिथे... लोक मला विचारतात. आणि घरात असा वागतो की मी कोणी परका आहे. काय भरवलंस त्याला कोण जाणे."

"जे झालं होतं तेच सांगितलं."

दळव्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "बरं, सांगितलंस. फिटलं ना तुझं? आता त्याला मुंबईला जायला सांग. मी कोणाकडे मागायला जात नाही, तुला माहितेय. तुझ्याकडे आलोय."

विश्वंभरांनी ते वाक्य पूर्ण आत जाऊ दिलं. मग म्हणाले, "तुम्ही या घरी एकदा यायचे होतात, धैर्यशीलराव. काही सांगायचं होतं तुम्हाला."

"कोणाला?"

विश्वंभरांनी नजरेने फोटो दाखवला.

दळवी हसायला गेले, पण शालिनीबाई दारात उभ्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या. "फोटोला सांगू?"

"ते जिवंत होते तेव्हा तुम्हाला सवड नव्हती."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होईना. ती अखेर सुरू होऊन निघून गेली. मग दळवी काठीवर भार देऊन उठले, वळले, आणि फोटोच्या चौकटीकडे बघत कोरड्या आवाजात म्हणाले, "तुमचा मुलगा गेला होता. वाघोडियाला. त्यानं मला सांगितलं होतं."

विश्वंभरांचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. शालिनीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

दळवी परत वळले. चेहरा काळवंडला होता. "झालं? आता सांगशील त्याला?"

विश्वंभर उठले, दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेले, गाडीचं दार त्यांच्यासाठी उघडून धरलं.

"बघतो," ते म्हणाले.